ऐकले तसे लिहिले

सुताराची चूक दार लावताना करकरते, स्वयंपाकिणीची पहिल्या घासाला कळते. मास्तराची चूक मात्र मुलाच्या दप्तरात बसून त्याच्या घरी जाते आणि तिथे ती मुलाच्याच नावावर जमा होते. माझी अशी एक चूक २०२३ साली, दिवाळीची सुट्टी संपता संपता उघडी पडली. दिवाळीच्या अंकात फराळाबरोबर वाचायला द्यावी अशी ही गोष्ट नव्हे, हे मला कळते. पण तिच्यात कापूस आहे, एक आजी आहे, आणि शेवटी माझी थोडी फजितीही आहे. तेव्हा वाचकांनी ती गोड मानून घ्यावी.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनचा. काळी जमीन, पांढरा कापूस, आणि वणीच्या बाजूने येणारी कोळशाची नि चुनखडीची धूळ, हे आमचे तीन रंग. दक्षिणेला पैनगंगा, आणि नदी ओलांडली की आदिलाबादचा मुलूख. त्यामुळे आमच्या बाजारात वांग्यांच्या एका ढिगाभोवती वऱ्हाडी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी अशा चार भाषा ऐकू येतात, आणि वांगी मात्र सगळ्यांना एकाच भावाने मिळतात. शिक्षणाने मी मॅट्रिक. आता त्याला दहावी म्हणतात, पण आमच्या घरी अजून ‘पोरगा मॅट्रिक झाला’ असेच सांगतात. वस्त्यांवर शाळा निघाल्या तेव्हा निमशिक्षक म्हणून लागलो, आणि पुढे सरकारने आम्हांला सेवेत घेतले तेव्हा खरा मास्तर झालो. रात्री कंदील मालवायच्या सुमारास कादंबऱ्या लिहितो. कंदील हा केवळ सवयीचा शब्द. वीज आली आहे, अधूनमधून जातेही. माझ्या कादंबऱ्यांशी मुलांना कर्तव्य नाही, आणि पालकांना त्याहून नाही.

माझ्या वर्गाला एका गोष्टीचा फार अभिमान होता. दुसरीची मुले शंभरपर्यंतची उजळणी घडघड म्हणत. कोणी पाहुणा आला की मी डोळ्यांनी खूण करी, आणि मुले अशी सुरू होत की खिडकीतल्या चिमण्या उडून जात. पाहुणा खूश होऊन जाई. या सर्वांत एका मुलीचा आवाज खणखणीत. ती कुठे अडखळत नसे. तिच्या प्रगतिपत्रकावर गणितासमोर मी ‘उत्तम’ असा शेरा दिला होता, आणि तो देताना माझा हात जरासुद्धा अडखळला नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे वेचणी जोरात असते. बाया पहाटे शेतात जातात, दिवस कलला की कापसाची गाठोडी काट्यावर येतात, आणि ज्याने काटा धरला तो वजन वाचून मोठ्याने पुकारतो. किलोमागे मजुरी ठरलेली. त्या हंगामात त्या शेतात ती दहा रुपये होती. चुकारा आठवड्याने. या मुलीची आई आणि काकू दोघी मिळून वेचत, आणि दोघींचे वजन एकत्र होई. मागच्या आठवड्यात आपले काही किलो गळाले असावेत, अशी आईला शंका होती. म्हणून तिने दोन रुपयांची पेन्सिल आणि एक वही आणली, लेकीला बांधावर बसवले आणि सांगितले, “काट्यावर जे पुकारतीन ते लिवून ठेव.” एवढेच नव्हे, तर वीस बायांच्या देखत तिने मालकाला ऐकवले, “आता आमचीबी वही हाय बरं. माही पोरगी शाळेत जाते!”

शनिवारी संध्याकाळी हिशेब झाला. मालकाच्या मुलाने दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, आणि तो हसायला लागला. त्याच्या वहीत आठवड्याचे ३५७ किलो होते. मुलीच्या वहीत २०४.

“काकू,” तो म्हणाला, “तुमच्याच वहीप्रमाणे घ्यायचं तर एकशे त्रेपन्न किलो कमी भरतात. तेवढेच पैसे देऊ का?”

वीस बाया हसल्या. मुलगा तसा सरळ. त्याने ३५७ किलोंचे पूर्ण पैसे मोजून दिले, आणि वर मुलीच्या वहीत प्रत्येक आकड्याशेजारी खरा आकडा तांबड्या शाईने लिहून दिला. पण पैसे घेऊनही माणूस रिकाम्या हाताने घरी जाऊ शकतो. सुट्टी संपून शाळा उघडली, आणि ती मुलगी आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो.

आईने चटई टाकली, पाणी दिले, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, “शाळेचं इचारू नका, गुरुजी. आता ते माह्यासंगं येचाले येईन. दोन वर्सं झाले शाळेत जाते. शंभरपर्यंत घडघड म्हनते. मंग हे असं कावून झालं?” आणि तिने ती वही माझ्यापुढे टाकली.

मी वही उघडली. सोमवार, मुलीचे २७, तांबडे ७२. मंगळवार, मुलीचे ३५, तांबडे ५३. बुधवार, १६ आणि ६१. गुरुवारी ४४ आणि ४४. शुक्रवार, ६४ आणि ४६. शनिवार, १८ आणि ८१. सहा दिवसांत एक दिवस काय तो जुळला होता, आणि तो का जुळला हे पाहताच माझ्या कानशिलांत ऊन ऊन झाले. चव्वेचाळीस उलटा लिहिला तरी चव्वेचाळीसच. हिशेबनिसांची एक जुनी युक्ती आहे. दोन खात्यांतल्या फरकाला नऊने नि:शेष भाग गेला, तर कोणाच्या तरी हातून आकडे उलटे पडले असावेत असा त्यांना संशय येतो. एककाच्या घरातला एक उचलून दशकाच्या घरात बसवला की त्याचे दहा होतात, म्हणजे नऊ वाढतात. म्हणून उलटापालटीचा फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. इथे फरक होते ४५, १८, ४५, १८ आणि ६३. शुक्रवारी चूक मुलीच्या फायद्याची, बाकी चार दिवस तोट्याची. एकूण १५३, म्हणजे नऊ सत्ते त्रेसष्ट करीत बसायची गरज नाही; नऊ गुणिले सतरा.

मुलगी दाराआड उभी होती. मी तिला जवळ बोलावले आणि शक्य तितक्या मऊ आवाजात विचारले, “का गं, असं उलटं का लिहिलंस?”

तिने मान वर केली नाही. म्हणाली, “मी आयकलं तसंच लिवलं, सर.”

वाचकहो, हे वाक्य मी आजवर कोणत्याही शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात वाचलेले नाही. आपण ‘बहात्तर’ म्हणतो तेव्हा आधी ‘बा’ येतो, म्हणजे दोन. सत्तर मागून येतात. ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी, पन्नास मागून. ‘एकसष्ट’ म्हणताना एक आधी, साठ मागून. पोरीने आधी ऐकले ते आधी लिहिले, मागून ऐकले ते मागे लिहिले. शेतातल्या गलक्यात तिने कान टवकारून प्रत्येक आकडा नीट ऐकला होता. तिच्या कानात चूक नव्हती, हातात नव्हती. कान आणि हात यांच्या मधली वाट तिला कोणी दाखवली नव्हती, आणि ती दाखवण्यासाठी सरकार ज्याला पगार देते तो मनुष्य त्या वेळी तिच्या घरच्या चटईवर बसला होता. उजळणी म्हणजे चालीवर म्हटलेले गाणे. पुढचा शब्द मागच्याला धरून येतो. त्यातला ‘बहात्तर’ सुटा काढून पाटीवर ठेव, असे मी तिला फारसे कधी म्हटलेच नव्हते.

कोपऱ्यात बाजेवर तिची आजी बसली होती. आजी पैनगंगेपलीकडची. तिची मराठी थांबत थांबत चालते, आणि ती नातीशी तेलुगूतच बोलते. आई दिवसभर शेतात, तेव्हा ही पोर आजीच्याच मांडीवर वाढलेली. आजीला आमचे सगळे बोलणे कळले नसावे. पण आकड्यांवरून काहीतरी बिनसले आहे एवढे कळले होते. ती स्वत:शीच पुटपुटली, “बहात्तर... डेब्बै रेंडु.”

मुलीच्या हातात चुलीतला कोळसा होता. तिने जमिनीवर, कोणी न सांगता, ७२ काढले.

मी चमकलो. आजीला म्हटले, “आजी, त्रेपन्न सांगा बरं तुमच्या भाषेत.” आजी म्हणाली, “याभै मूडु.” पोरीने ५३ काढले. सेहेचाळीसचे “नलभै आरु” झाले, आणि जमिनीवर ४६ उमटले. वहीतले सहाही आकडे बरोबर! तेलुगूत पन्नास आधी येतात, तीन मागून. बोलण्याचा क्रम तोच लिहिण्याचा. पाटीवरची वाट पोरीला ठाऊक होती, पण ती आजीच्या अंगणातून जाणारी. शाळेच्या फाटकातून तीच वाट उलट्या दिशेने सुरू होते, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

आईला हे पटवणे भाग होते. मी खिशात हात घातला आणि दहाच्या नोटा व रुपयाची नाणी काढली. चटईच्या एका अंगाला सात नोटा आणि दोन नाणी ठेवली, दुसऱ्या अंगाला दोन नोटा आणि सात नाणी. म्हटले, “बाई, दोन्हीकडे नगास नग नऊच आहेत. इकडेही सात आणि दोन, तिकडेही सात आणि दोन. यातले कोणते घ्याल?”

ती हसली. गेल्या चार दिवसांत ती पहिल्यांदा हसली असावी. “येवढं तं मलेबी समजते, गुरुजी! ज्या बाजूले नोटा जास्त, ते.”

“तुमच्या मुलीनं नोटा नाण्यांच्या जागी ठेवल्या आणि नाणी नोटांच्या जागी. दुसरं काही नाही.”

ती बराच वेळ त्या दोन ढिगांकडे पाहत राहिली. मग तिने मला जे विचारले त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. “मंग हे शाळेत कावून नाई सांगत?”

घरी येताना मला २०१९ चा जून आठवला. बालभारतीचे दुसरीचे गणिताचे नवे पुस्तक तेव्हा आले होते. त्यात एकवीस, बावीस या नावांबरोबर ‘वीस एक, वीस दोन’ असेही वाचन दिले होते. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. त्यांचे म्हणणे साधे होते. मराठी संख्यानामांत जोडाक्षरे फार, शिवाय बोलण्याचा क्रम एक आणि लिहिण्याचा दुसरा. दक्षिणेकडच्या भाषांत दशक आधी बोलतात, ते लहान मुलांना सोपे जाते. यावरून केवढा गहजब झाला! वर्तमानपत्रांत थट्टा झाली, प्रकरण विधिमंडळापर्यंत गेले. आमच्या पानठेल्यावरही ते पोचले, आणि ‘आता छत्तीसच्या आकड्याला तीस सहाचा आकडा म्हणा’ असे मोठ्याने म्हणून टाळ्या घेणारा मनुष्य मीच होतो. पुस्तक न उघडता मी हसलो होतो, आणि आमच्या बाजारात रोज कोणीतरी माझ्या कानाशी ‘डेब्बै रेंडु’ म्हणत होते.

त्या रात्री नारळीकरबाईंना एक पत्र लिहावेसे वाटले. मोठा मजकूर नव्हता. आजीचे आणि नातीचे काय झाले ते सांगायचे, आणि पानठेल्यावरच्या हसण्याबद्दल क्षमा मागायची. पण त्याच वर्षी १७ जुलैला त्या गेल्या होत्या. काही पत्रे लिहायला आपण चारच महिने उशीर करतो.

जुनी नावे टाकून द्यावीत, असे माझे म्हणणे नाही. बहात्तर आणि त्रेपन्न आपल्या तोंडी फार जुने आहेत, बाजारात तेच चालतात, आणि मुलाला ते यायलाच हवेत. शिवाय हा घोळ आपल्याच घरचा आहे असेही नाही. जर्मन भाषेत आजही एकवीस म्हणताना एक आधी आणि वीस मागून येतात. नॉर्वेतही तसेच होते. तिथे टेलिफोनवर नंबर सांगताना घोटाळे होऊ लागले, तेव्हा टेलिफोन खात्याच्या आग्रहावरून संसदेने ठराव केला, आणि १९५१ पासून दशक आधी बोलण्याची रीत अधिकृत झाली. एवढे होऊनही जुनी रीत तिथून पुरती गेलेली नाही. भाषा कायद्याने लगेच वळत नाही, हे खरे. पण बोलणे आणि लिहिणे यांच्यामध्ये एक ओढा आहे एवढे तरी एका संसदेने मान्य केले. मी तर ओढा आहे हेच विसरलो होतो. ओढा बुजवता येत नसेल, तर लेकराचा हात धरून तो पार करून द्यावा, इतपत माझे काम.

तेव्हापासून आमच्या वर्गात पऱ्हाटीच्या काड्या आल्या. वेचणी सरली की शेतात पऱ्हाट्यांना तोटा नाही. दहा काड्या दोऱ्याने बांधायच्या. तो झाला दशकाचा गठ्ठा. असे दहा गठ्ठे एकत्र आवळले की शतकाची मोळी. जमिनीवर खडूने घरे आखायची. उजव्या हाताचे घर एककाचे, त्याच्या डावीकडे दशकाचे, आणखी डावीकडे शतकाचे. मी ‘बहात्तर’ म्हटले की मुले आधी म्हणतात ‘सत्तर आणि दोन’, सात गठ्ठे दशकाच्या घरात ठेवतात, दोन काड्या एककाच्या घरात, आणि मग आकडा लिहितात. पुस्तकात याला स्थानिक किंमत म्हणतात. शब्द चांगला आहे. पण सात काड्या उचलताना आणि सात गठ्ठे उचलताना हाताला जो फरक कळतो, तो त्या शब्दाआधी कळावा.

लहानमोठे ओळखण्याचेही असेच. मी विचारले, “अठ्ठावन्न मोठा की एकोणसाठ?” तर अर्धा वर्ग एकोणसाठ म्हणाला. उत्तर बरोबर, पण कारण विचारले तर म्हणाले, “त्यात साठ आहेत, वर एक आहे!” पाटीवर कितीकांनी ६९ लिहिले. साठाला एक कमी असलेला हा बिचारा आकडा साठाचे नाव लावून फिरतो आणि मुलांना फसवतो. ही फसवणूक एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत चालते, आणि नव्व्याण्णवाशी आल्यावर अचानक बंद पडते. तोवर मुलाला तिचीच सवय झालेली असते. कानावर विसंबून चालायचे नाही, घरात कोण बसले आहे ते पाहायचे, हे हळूहळू मुलांना उमगले.

मग नियम त्यांनीच शोधला. दोन संख्यांतली मोठी कोणती? आधी घरे मोजा. ज्याची घरे जास्त तो मोठा. मग नव्व्याण्णवात दोन नऊ का असेनात, शंभरापुढे तो लहान. नऊ गठ्ठे आणि नऊ काड्या पुढ्यात मांडून एका मुलाने ते वर्गाला दाखवले. शंभराची मोळी व्हायला त्याला एक काडी हवी होती, आणि मी ती मुद्दाम मुठीत धरून बसलो होतो. घरे सारखी असतील, तर डावीकडच्या घरापासून विचारत यावे. तिथे जो मोठा तो मोठा. तिथे बरोबरी झाली तरच शेजारच्या उजव्या घरात डोकवायचे. डावीकडे एक जरी गठ्ठा जास्त असला, तरी उजवीकडच्या नऊ सुट्या काड्या मिळून त्याची बरोबरी करू शकत नाहीत. म्हणून ६१ पुढे ५९ हरतो.

शून्याचा प्रश्न उरला. ‘तीनशे पाच’ म्हटले की मुले ३००५ लिहीत. तीनशे ऐकले, ३०० लिहिले. पाच ऐकले, पाच लिहिले. पुन्हा तेच, ऐकले तसे लिहिले. इथे मला आमच्या एस्. टी.ने तारले. बाजाराच्या दिवशी वणीची गाडी लागली की लोक खिडकीतून आत रुमाल टाकतात. रुमाल टाकला की जागा धरली. बसणारा अजून आलेला नाही, पण शेजाऱ्याने सरकून ती घ्यायची नाही. मी मुलांना सांगितले, तीनशे पाचमध्ये दशकाच्या जागेवर कोणी बसलेले नाही. तिथे शून्याचा रुमाल टाका. नाहीतर तिन्ही शतके सरकून दशकाच्या जागेवर येतील, आणि तीनशे पाचाचे पस्तीस होतील. दुसऱ्या दिवसापासून वर्गात ‘रुमाल विसरला, रुमाल विसरला’ असा ओरडा सुरू झाला. ३००५ लिहिणाऱ्याला मात्र मुलांनी वेगळा शब्द काढला. ते म्हणत, “ह्यानं एक रुमाल फालतू टाकला!”

कधी दुपारी कंटाळा आला की मी त्यांना गोष्ट सांगतो. आपल्याच महाराष्ट्रात जुन्नरजवळ नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या काळचा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण यांचे आकडे त्यात कोरले आहेत. पण तिथे दहाला निराळे चिन्ह, शंभराला निराळे, हजाराला निराळे. चिन्ह पाहूनच मोठेपणा कळायचा. जागेला काम नव्हते, म्हणून रुमालाचीही गरज नव्हती. पुढे केव्हातरी आपल्या देशातल्या माणसांनी ठरवले की चिन्हे नऊच पुरेत, मोठेपणा जागेने सांगावा. एका घरापासून पुढचे घर दहापट, हे आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये नोंदवून ठेवले. आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या एका छोट्या देवळात इ. स. ८७६ चा लेख आहे. २७० हात लांब आणि १८७ हात रुंद अशी फुलबाग देवाला दिली, आणि देवाला रोज ५० माळा वाहाव्यात, असे त्यात आहे. त्या २७० मध्ये आणि ५० मध्ये आपले शून्य बसले आहे. “म्हणजे देवाच्या माळांतबी रुमाल!” एक मुलगा म्हणाला. मी त्याला रागावलो नाही. जे जुळवायला शहाण्यासुरत्या माणसांना शतके लागली, ते सात वर्षांच्या पोराने श्रावण ते पौष एवढ्या अवधीत गिळावे, अशी आपली अपेक्षा असते. त्याने थोडे हसून गिळले तर आपण तक्रार करू नये.

ती मुलगी परत आली, हे सांगायचे राहिलेच. माझ्या चटईवरच्या नोटांनंतर दुसऱ्या दिवशीच आली. आईने मात्र अट घातली की वही पुन्हा तिनेच लिहायची, आणि मी आठवड्याला तपासायची. वहीच्या प्रत्येक पानावर पोरीने उभी रेघ मारून दोन घरे केली. त्या हंगामाअखेर तिची वही आणि मालकाची वही यांत एका किलोचाही फरक निघाला नाही. मालकाच्या मुलाने शेवटच्या पानावर तांबड्या शाईने सही केली. ते पान आईने घरातल्या देवाच्या तसबिरीमागे ठेवले आहे.

आता माझ्या फजितीचे. पुढल्या वर्षी ती तिसरीत गेली. उन्हाळा लागण्याच्या सुमाराची गोष्ट. माझ्या नव्या कादंबरीचे हस्तलिखित अक्षरजुळणीसाठी पाठवायचे होते. २४३ सुटी फुलस्केप पाने. एकदा चाळावी म्हणून मी ती शाळेत नेली, टेबलावर ठेवली, आणि मधल्या सुट्टीत वावटळ आली. वावटळीला वाङ्मयाची काय चाड! दारे आपटली, आणि माझे नायक-नायिका वर्गभर, व्हरांडाभर आणि थोडी हातपंपापर्यंत पसरली. मी डोक्याला हात लावून बसलो. मुलांनी मात्र धावत जाऊन सगळी पाने गोळा केली, आणि एका अस्ताव्यस्त भाऱ्यात माझ्यापुढे आणून ठेवली.

“आता हे कोण लावणार?” मी म्हणालो.

“आमी लावतो, सर,” ती मुलगी म्हणाली, आणि तिने खडूने जमिनीवर तीन मोठी घरे आखली. शतकाचे घर रिकामे असलेली पाने एकीकडे, शंभराची दुसरीकडे, दोनशेची तिसरीकडे. तिसरीची पोरे पाने वाचून योग्य घरात नेऊन ठेवत होती. मग एकेका घरातल्या पानांचे दशकाप्रमाणे ढीग झाले, आणि शेवटी एकेक ढीग एककाप्रमाणे लावला. मी एकट्याने लावायला बसलो असतो, तर प्रत्येक पान हातात घेऊन बाकीच्यांत त्याची जागा शोधत बसलो असतो, आणि दिवस मावळला असता. यांनी घंटा व्हायच्या आत आटोपत आणले. एका पानावर नायिकेचा मृत्यू होता. ते पान नेणाऱ्या मुलाला त्याचे काही सुतक नव्हते. “एकशे अठ्ठ्याऐंशी,” तो ओरडला, “आठ आणि आठ, कुठूनबी लिवा!”

सगळे जुळले, आणि मग ती मुलगी दोन पाने घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

“सर, एकशे नव्वद दोन हायेत. आन् एकशे नऊ नाईच.”

मी पाने पाहिली. दोन्हींवर माझ्याच हस्ताक्षरात १९०. त्यांतले एक खरे, आणि दुसऱ्यावर नायिका अजून चांगली जिवंत होती, विहिरीवर पाणी भरत होती. रात्री लिहिता लिहिता मनात ‘एकशे नऊ’ म्हटले असेल, एकशे झाले, नऊ ऐकू आले, नऊ लिहिले, आणि मग उरलेला रुमाल कुठेतरी टाकायचा म्हणून शेवटी टाकला असेल. तशीच पाने गेली असती, तर माझी नायिका मेल्यानंतर विहिरीवर पाणी भरायला आली असती, आणि परीक्षकांनी त्यात काहीतरी खोल अर्थ शोधला असता.

सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता. काहीतरी उत्तर देणे भाग होते.

“अगं,” मी म्हणालो, “मी ऐकलं तसंच लिहिलं.”

ती क्षणभर गंभीर राहिली. मग तोंडावर हात ठेवून हसली, आणि तिच्याबरोबर सगळा वर्ग हसला. माझ्या खिशातले पेन मागून घेऊन तिने माझे १९० खोडले, आणि वर नीट, एकेक अंक सावकाश काढीत, १०९ लिहिले. शून्य जरा मोठेच झाले. ते हस्तलिखित अक्षरजुळणीवाल्याकडे जाऊन परत आले आहे, आणि आता माझ्या कपाटात आहे. पान एकशे नऊवरचे ते शून्य तिच्या हातचे आहे.